नॉफ्लर, सोलो आणि आमचे ठाणेकर

शनिवारी रात्री आम्ही चौघं जुने मित्र जमलो आणि ताटं वाढायच्या आत परत तेच भांडण सुरू. डायर स्ट्रेट्स हा रॉक बँड मोडल्यावर त्याचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरने एकट्याने जे काही केलं, त्यात सगळ्यात भारी गाणं कोणतं?

हे भांडण २००५ चं आहे. त्या वर्षी मार्चमध्ये तो मुंबईत वाजवून गेला आणि आम्ही चौघंही मैदानात होतो. आमच्या मागे उभा असलेला एक जण प्रत्येक गाणं संपलं की 'सुल्तान्स!' (बँडचं जुनं गाजलेलं गाणं) म्हणून ओरडायचा, लोकलच्या दारात 'पुढे चला' ओरडतात त्या सुरात. शेवटी सुल्तान्स वाजलं, माणूस तृप्त झाला, आम्हीही झालो. पण परतीच्या गाडीत मी सहज म्हणालो की मला नवीनच गाणी जास्त आवडली. वीस वर्षं झाली, अजून ऐकून घेतोय.

आमच्यात एक ठाणेकर आहे, तो सोलोपंथी, म्हणजे गाण्यात एकटी गिटार वाजते त्या तुकड्याचा भक्त. त्याच्या मते गाणं म्हणजे सोलोपर्यंत जायचा रस्ता. १९९६ पासून २०२४ पर्यंतच्या नॉफ्लरच्या दहा स्टुडिओ अल्बममधलं त्याला एकच गाणं मान्य, 'स्पीडवे अ‍ॅट नाझरेथ', कारण त्यात रेसिंग ड्रायव्हरचा अख्खा सीझन सांगून झाला की गिटार सुटते ती सुटतेच. गाणं उत्तमच आहे, मीही मानतो. पण बाकी सगळं त्याच्या लेखी 'म्हातारपणीचं गुणगुणणं'. कारणही तयार असतं: २००३ मध्ये लंडनमध्ये नॉफ्लरच्या मोटरसायकलला अपघात झाला, गळपट्टीचं हाड, खांद्याचं हाड आणि सात बरगड्या मोडल्या, तेव्हापासून हात मंदावला.

आता यात तारखेचाच घोळ आहे. 'द रॅगपिकर्स ड्रीम' आला २००२ मध्ये, म्हणजे अपघाताच्या आधी. आणि बँड मोडल्यानंतरच्या अल्बममधला तोच सगळ्यात शांत अल्बम. हात धडधाकट असतानाच माणसाने ठरवलेलं होतं की आता असं वाजवायचं. हे मी ठाणेकराला निदान सहा वेळा सांगितलंय. तो म्हणतो, 'बरं, मग डोकं मंदावलं.'

माझी बाजू मांडतो. मी पंधरा वर्षं पेपरच्या डेस्कवर काढली आहेत, त्यामुळे माझं मत थोडं आपल्याच धंद्यातल्या माणसांच्या प्रेमातून येतं हे कबूल. नॉफ्लर मूळचा बातमीदार. लीड्सच्या 'यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट'मध्ये ज्युनिअर रिपोर्टर होता. ती सवय बँडच्या झगमगाटात दबली आणि पन्नाशी आल्यावर वर आली, असं मला वाटतं. नंतरच्या अल्बमांमध्ये तो स्वतःबद्दल बोलायचंच कमी करतो. कोण माणूस, काय काम करतो, कुठे राहतो, खिशात किती आहे, एवढं विचारतो आणि बाजूला होतो. मॅकडोनाल्ड्स जगभर नेणाऱ्या रे क्रॉकवरचं गाणं घ्या ('बूम, लाइक दॅट'). त्याला खलनायक ठरवत नाही, त्याच्याच तोंडून बोलू देतो. माणूस आपोआप उघडा पडतो. चांगल्या मुलाखतीत हेच होतं.

आणि माझं एक नंबरचं गाणं, 'हिल फार्मर्स ब्लूज'. त्याच 'रॅगपिकर्स'मधलं. इंग्लंडच्या डरहम परगण्यातला डोंगरातला शेतकरी. तो टो लॉ नावाच्या गावी निघालाय, बाजाराला. काय आणायचंय? करवतीची चेन आणि तणनाशक. माझी वाट बघत जागू नकोस, असं घरच्या माणसाला सांगतो. झालं. एवढंच. कर्ज नाही, पावसाचं रडगाणं नाही. तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत पोटात खड्डा पडतो की हा माणूस परत येणार आहे ना? अकोले तालुक्यातले माझे मामा असेच निघायचे. दोन वस्तूंची नावं सांगायची आणि चप्पल घालायची. बाकी काही विचारलं की 'येतो' एवढंच. त्यामुळे असेल, पण कसारा घाटात पहिल्यांदा हे गाणं लागलं तेव्हा मी गाडी बाजूला घेतली होती. शब्द संपतात आणि मग गिटार येते, खरखरीत, दाबून ठेवलेली. माणूस जे बोलला नाही ते ती बोलते. ठाणेकर शेठ, हाच सोलो.

आमच्यातला नाशिककर 'पायपर टू द एंड' या गाण्यावाला आहे आणि त्याच्याशी मी फारसं भांडत नाही. नॉफ्लरचा सख्खा मामा फ्रेडी, पलटणीतला पायपर (बॅगपाइप वाजवणारा), मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये अरासजवळ मारला गेला. वय वीस. रणात जातानाही पाइप्स सोबत होते. नॉफ्लरचा जन्म १९४९ चा, म्हणजे न पाहिलेल्या मामावर त्याने साठीत गाणं केलं. यावर काय वाद घालणार.

सगळंच भारी आहे असं मात्र नाही, नाहीतर भक्त म्हणाल. 'प्रायव्हटीअरिंग' अल्बममध्ये वीस गाणी आहेत. माझ्या डेस्कवर ही कॉपी आली असती तर तेरा लावली असती. 'किल टु गेट क्रिमझन' मध्ये मध्ये नुसता धुकं-धुकं होतो. आणि 'डाउन द रोड व्हेअरेव्हर' मी अजून एका बैठकीत संपवलेला नाही, दर वेळी चहा ठेवायला उठतो.

२०२४ च्या जानेवारीत त्याने लंडनमध्ये शंभरावर गिटार लिलावात काढल्या. ८८ लाख पौंडांच्या वर गेले, पाव हिस्सा धर्मादाय संस्थांना. ठाणेकराला घरातलं सोनं मोडल्यासारखं झालं होतं, दोन दिवस फोन उचलला नाही. तीन महिन्यांत 'वन डीप रिव्हर' आला. त्यातलं 'टनेल थर्टीन' ऐका, १९२३ च्या अमेरिकेतल्या रेल्वे दरोड्यावर. तीन भाऊ, एक बोगदा, डायनामाइट. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस अजून क्राइम बीट करतोय!

माझं दोन नंबरचं 'बेसिल', २०१५ च्या 'ट्रॅकर'मधलं. शाळकरी नॉफ्लर न्यूकॅसलच्या 'इव्हनिंग क्रॉनिकल'मध्ये कॉपी बॉय होता, म्हणजे इकडचे कागद तिकडे नेणारा पोऱ्या. तिथे डेस्कवर बेसिल बंटिंग नावाचे वयस्कर गृहस्थ सब एडिटर होते, वैतागलेले. मोठा कवी, पोटासाठी दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करत बसलेला. पोरगा त्यांना लांबून बघायचा. पोराने ते पन्नास वर्षांनी लिहिलं. अशी दोन तरी माणसं मी आमच्या डेस्कवर पाहिलीत, रात्री पान सुटलं की खणातून वही काढणारी. नावं नाही सांगत.

शनिवारी निघताना ठाणेकराला शपथ घातली की हे एक गाणं इयरफोन लावून, मोबाइल न बघता ऐक. परवा रात्री पावणेबाराला त्याचा मेसेज आला: 'ऐकतोय. छान आहे. सोलो किती मिनिटांनी येतो?'