‘सहा हजारांत 200 इंचांचं थिएटर’: या मेसेजमधलं खरं किती?

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा दावा असा: “टीव्ही विसरा. सहा हजारांत 4के प्रोजेक्टर, 12,000 ल्युमेन्स, भरदुपारी 200 इंच चित्र. पांढरी भिंत पुरे, 50 हजार तास देखभाल नाही, लाइन गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो.”

यातला शेवटचा, इन्व्हर्टरचा तुकडा तेवढा पूर्ण खरा आहे.

“4के.” खोक्यावर ‘4के सपोर्ट’ लिहिलेलं असतं. म्हणजे 4के व्हिडिओ आत घेतला जातो आणि लहान करून दाखवला जातो. या किमतीत आतलं पॅनेल (चित्र तयार करणारी काच) बहुधा 1280×720 पिक्सेलचं, कधी 800×480 चंच असतं. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ (पॅनेलचे खरे पिक्सेल) पुढे 1920×1080 लिहिलेलं नसेल तर तो प्रोजेक्टर सोडून द्या.

“12,000 ल्युमेन्स, भरदुपारी 200 इंच.” सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टर फेकतो त्या एकूण उजेडाचं माप, आणि ग्राह्य आकडा एएनएसआय (ANSI) ल्युमेन्सचा. तो पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून काढतात. स्वस्त एलईडी प्रोजेक्टर साधारण 100 ते 250 देतात. 200 धरा. 100 इंचांचं चित्र म्हणजे 7 फूट 3 इंच रुंद, 4 फूट 1 इंच उंच, सुमारे 2.75 चौरस मीटर. तिथे 72 लक्स (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ल्युमेन्स) उजेड पडतो. 200 इंच केलं की क्षेत्र चौपट होतं आणि हाती 18 लक्स उरतात. साध्या ट्यूबलाइटचा भिंतीवरचा उजेडही त्याहून जास्त असतो. त्यात प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, काळ्याच्या जागी भिंतच दिसते. त्यामुळे कवेलूच्या फटींतून उजेड येणाऱ्या खोलीत दुपारी चित्र धुऊन निघतं. रात्री दिवे बंद करून 80 इंच ठेवा (5 फूट 10 इंच रुंद), उजेड 110 लक्सच्या पुढे जातो आणि सिनेमा खरोखर छान दिसतो. मुख्यतः दिवसा बघणार असाल तर त्या पैशांत थोडी भर घालून टीव्हीच घ्या.

“पांढरी भिंत पुरे.” सपाट आणि चमक नसलेली असेल तर पुरते. चुन्याच्या उंचसखल भिंतीवर अक्षरं वाकडी दिसतात. चादरीतून उजेड आरपार जातो, तिच्यामागे काळं कापड लावा. प्रोजेक्टर भिंतीसमोर सरळ, चित्राच्या मध्यरेषेवर ठेवा. 80 इंचांसाठी बहुतेक मॉडेलना साडेसात फुटांच्या आसपास अंतर लागतं. बाजूला ठेवून कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करणाऱ्या सेटिंगने) चित्र चौकोनी केलं की पॅनेलचे काही पिक्सेल वाया जातात आणि कोपरे धूसर होतात.

“50 हजार तास देखभाल नाही.” हा आकडा आतल्या एलईडी दिव्याचा आहे, प्रोजेक्टरचा नाही. आधी बिघडतं ते एलसीडी पॅनेल आणि त्याला लागून असलेला पोलरायझर (उजेड गाळणारी पातळ फिल्म). बहुतेक स्वस्त मॉडेल 35 ते 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. टिनाखाली, छताजवळची हवा तर आणखी तापते, म्हणून वर टांगू नका, टेबलावर ठेवा आणि चारही बाजूंनी वीतभर जागा सोडा. कूलरच्या झोतात मात्र नको, ती हवा ओली असते. पंख्याची जाळी तुंबली की पॅनेल तापतं आणि चित्राच्या मधोमध पिवळा डाग पडतो. तो जात नाही. चांगला दर मिळायची वाट बघत घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्याचे तंतू जाळीत अडकतात. त्या खोलीत प्रोजेक्टर नकोच. एरवी दर पंधरवड्याला प्लग काढून मऊ ब्रशने जाळी साफ करा. ‘सील्ड ऑप्टिकल इंजिन’ (पॅनेल आणि भिंगं धूळबंद डबीत) असलेल्या मॉडेलसाठी दीड-दोन हजार जास्त द्यावे लागले तरी द्या, कारण उघड्या मॉडेलमध्ये धूळ थेट पॅनेलवर बसते आणि पडद्यावर काळे ठिपके दिसतात.

इन्व्हर्टरचं गणित सरळ आहे. 80 वॉटचा प्रोजेक्टर आणि 70 वॉटचा पंखा 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर चार-पाच तास चालतात. साइनवेव्ह इन्व्हर्टर असावा, नाहीतर स्पीकर गुणगुणतो.

मोबाईलची स्क्रीन प्रोजेक्टरवर मिरर केली (जशीच्या तशी दाखवली) की नेटफ्लिक्ससारखी ॲप बहुधा काळी दिसतात. सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही स्टिक एचडीएमआयला लावा.

माल परत करायची मुदत संपायच्या आत अंधारात अर्धा तास पूर्ण पांढरं चित्र लावून बघा: डाग, ठिपके, कोपऱ्यांतला फोकस. मग छोटी सबटायटल्स लावा. ती वाचता आली नाहीत तर परत पाठवा.