इंडियाना जोन्सचा चौथा भाग, तो फ्रिज आणि आपलं वेरूळ

मागच्या शनिवार-रविवारी ताईचा मुलगा आला होता घरी, नववीत आहे, आणि मामा-भाचे दोघं मिळून इंडियाना जोन्स, हॉलिवूडचे ते टोपी-चाबूकवाले पिक्चर, पाहून राहिलो होतो. पहिले तीन झाले, चौथा लावायला रिमोट उचलला तर पोट्टा म्हणते, "मामा राहू दे ना, तो फ्रिजवाला आहे, एकदम बकवास आहे." म्हटलं तू पाहिला का? "नाही, पण रील्स पाहिल्या ना त्याच्या."

हे माझ्या डोक्यात तेव्हापासून फिरून राहिलं आहे. पिक्चर २००८ चा, पोट्टा तेव्हा जन्मला पण नव्हता, आणि त्याला पिक्चरबद्दल एकच गोष्ट माहिती आहे, की त्यात हिरो फ्रिजमध्ये बसून अणुबॉम्बमधून वाचतो. एवढ्या वर्षांत आपण चाहत्यांनी इतकी बोंबाबोंब केली आणि शेवटी पुढच्या पिढीकडे गेला काय, तर एक फ्रिज.

आता चाहत्यांनी गप्प बसावं, मोठ्या लोकांचा पिक्चर आहे तर टाळ्या वाजवून घरी जावं, ह्या मताचा मी बिलकुल नाही. ज्याचा जीव असते तोच बोलते. तिसरा भाग १९८९ ला आला, चौथा २००८ ला, मधे एकोणीस वर्षं. आम्ही ते तीन भाग केबलवर हिंदीत डब झालेले किती वेळा पाहिले असतील याची गिनती नाही, चाबूक म्हणून आईच्या जुन्या साडीचा काठ फिरवलेला आहे. आणि चौथा रिलीज झाला २२ मेला. नागपूरचा मे ज्याला माहिती आहे त्याला सांगायला नको, नवतपा तोंडावर, रस्त्यावर दुपारी कुत्रं दिसत नाही, आणि आम्ही सात-आठ पोट्टे डोक्याला दुपट्टे बांधून, खिशात कांदा घालून, मानेवाड्याहून सदरपर्यंत गाड्या हाणत दुपारच्या शोला गेलो होतो. सुरुवातीला गाडीवर त्याची नुसती सावली पडते आणि सावलीत तो टोपी घालते ना, तिथं आख्ख्या टॉकीजनं शिट्ट्या मारल्या. इंटरवलला कोणी कोणाशी बोललं नाही. शो सुटल्यावर रसवंतीवर उभे राहून जे भांडण सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत चाललं आणि त्यात फ्रिजला सगळ्यात जास्त शिव्या मी दिल्या होत्या.

त्या शिव्या मी आता परत घेतो. कारण सांगतो.

दुसऱ्या भागात, १९८४ च्या, तिघं जण पायलट नसलेल्या विमानातून रबराच्या फुगवायच्या नावेत बसून उडी मारतात. पॅराशूट नाही. नाव हिमालयातल्या बर्फावर पडते, घसरत जाते, कड्यावरून खाली नदीत पडते, आणि तिघं अंग झटकून उठतात. यावर आपण कधी भांडलो का? नाही. मजा आली म्हणून सोडून दिलं. पहिल्या भागात पेटी उघडल्यावर माणसांचे चेहरे मेणासारखे वितळतात, तिसऱ्यात सातशे वर्षांचा शिपाई गुहेत वाट पाहत बसलेला असते. ह्या पिक्चरांची जातच अशी आहे, जुन्या काळच्या 'पुढील भागात पाहा' टाईप सिरीयलवरून निर्माता लुकस आणि डायरेक्टर स्पीलबर्गनं हे सगळं उभं केलं, त्यात अशक्य गोष्ट होणारच. नाव चालते तर फ्रिज कावून नाही चालत? फरक एकच आहे, नाव पाहिली तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो आणि फ्रिज पाहिला तेव्हा बाप व्हायच्या वयाला आलो होतो. ती चूक पिक्चरची नाही. स्पीलबर्गनं तर नंतर फ्रिजची आयडिया आपलीच होती म्हणून सांगितलं, अंगावर घेतलं.

मग चौथा भाग चांगला आहे का? नाही. माझ्या मते तो वाईट आहे आणि त्याला कडक बोललंच पाहिजे, पण ज्या गोष्टीसाठी बोलायला पाहिजे ती कोणी बोलून नाही राहिलं.

त्यात एक सीन आहे, भिंतीवर चित्रं कोरलेली असतात आणि त्यावरून आपल्याला समजते की तिथल्या जुन्या लोकांना शेती, पाटपाणी हे सगळं बाहेरून आलेल्या त्या लांब डोक्याच्या प्राण्यांनी शिकवलं. म्हणजे अमेरिका खंडातल्या त्या माणसांनी डोंगर पोखरले, पाणी खेळवलं, शहरं बांधली, आणि क्रेडिट कोणाला, तर एलियनला. हे सांगणारा माणूस कोण, तर पुरातत्त्वाचा प्रोफेसर! ज्याचं आयुष्य माणसानं केलेल्या वस्तू जपण्यात गेलं असं आपल्याला तीन पिक्चर सांगितलं तोच माणूस. मला ह्याचा खरंच राग येते. आणि बाकी घोळ तर वेगळेच, माया लोकांसारखा पिरॅमिड उचलून ॲमेझॉनच्या जंगलात नेऊन ठेवला, आणि पेरूकडची क्वेचुआ भाषा हिरो म्हणते मी मेक्सिकोत पांचो विला नावाच्या बंडखोराच्या माणसांकडून शिकलो. त्या सगळ्या लोकांची एकच खिचडी. ज्या स्फटिकाच्या कवटीवर पिक्चर उभा आहे तसल्या स्फटिकाच्या कवट्या खरंच म्युझियममध्ये आहेत, ब्रिटिश म्युझियममध्ये एक आहे, १८९७ ला विकत घेतलेली, आणि तपासणी केली तर ती फिरत्या चाकाच्या हत्यारानं घासलेली निघाली, म्हणजे प्राचीन वगैरे काही नाही, एकोणिसाव्या शतकातला माल. विचार करा, बनावट वस्तू विकणारे दलाल, त्याला फसणारी मोठमोठी म्युझियम, आणि मधात इंडियाना जोन्स, काय पिक्चर झाला असता! तो सोडून ह्यांनी उडती तबकडी काढली. लुकसला म्हणे पन्नासच्या दशकातल्या एलियनवाल्या पिक्चरांसारखंच करायचं होतं, स्पीलबर्गचं मन नव्हतं, दोस्तासाठी केलं. पडद्यावर दिसतेच ते.

तुम्ही म्हणाल अमेरिकेतल्या लोकांचं क्रेडिट गेलं तर तुला नागपुरात बसून काय त्रास आहे. त्रास आहे ना भाऊ. व्हॉट्सॲपवर वेरूळच्या कैलास लेण्याचे व्हिडीओ नाही येत का तुमच्याकडे? 'इतका दगड माणूस काढूच शकत नाही, हे एलियनचं काम आहे'. आमच्या फॅमिली ग्रुपवर येते, दर दोन-तीन महिन्यांनी, आणि त्याखाली हात जोडलेले इमोजी. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं काम, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला, छिन्नीचे घाव आजही भिंतीवर दिसतात, हात लावून पाहता येते. माणसाच्या हाताचे घाव आहेत ते.

आणि आपल्या जुन्या लोकांना हे बरोबर माहिती होतं. मराठीत 'कथाकल्पतरू' नावाचा जुना ग्रंथ आहे, त्यात कथा आहे की अळजपूरचा, म्हणजे आपल्या विदर्भातल्या अचलपूरचा राजा आजारी पडला, राणीनं महादेवाला नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि शिखर पाहिल्याशिवाय जेवणार नाही. राजा झाला बरा. आता देवळाचं शिखर दिसायला तर वर्षं लागतील, राणी तोपर्यंत काय उपाशी मरेल? कोणी कारागीर तयार होईना. मग पैठणचा कोकस नावाचा कारागीर आला, त्यानं काय केलं, डोंगराच्या माथ्यापासून कोरायला सुरुवात केली, आठवड्याच्या आत शिखर तयार, राणी जेवली. कथा आहे, खरी-खोटी जाऊ द्या, पण पाहा ना, चमत्कार वाटावा असं लेणं समोर आहे आणि लोकांनी त्याचं उत्तर काय शोधलं, एका कारागिराची अक्कल! त्याचं नाव लक्षात ठेवलं, गाव लक्षात ठेवलं. हे त्या लोकांना जमलं आणि अठरा कोटी डॉलरच्या वर पैसा लावणाऱ्यांना नाही जमलं. चौथ्या भागाला शिव्या द्यायच्या तर ह्यासाठी द्या.

आता दुसऱ्या भागावर येतो, कारण तिथं आपण चाहते जास्तच नरमाईनं वागलो. माझे बाबा अमरीश पुरींचे भक्त, मिस्टर इंडिया त्यांना पाठ आहे, पण हा पिक्चर टीव्हीवर लागला की राजवाड्यातल्या जेवणाचा सीन येताच उठून जायचे. साप, किडे, डोळ्यांचं सूप, माकडाचा मेंदू, हे म्हणे हिंदुस्थानातल्या राजाच्या पंगतीचं ताट. बाबा काही बोलायचे नाहीत, गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मला तेव्हा वाटायचं किळस येते म्हणून जातात. नंतर कळलं. आपल्या सरकारला स्क्रिप्टवर आक्षेप होता, इथं शूटिंगची परवानगी दिली नाही, तर श्रीलंकेत कँडीकडे जाऊन केलं, त्यामुळे पिक्चरमधल्या हिंदुस्थानी गावातली माणसं चक्क सिंहली बोलतात. ठग म्हणून जे दाखवलेत ते छातीतून हृदय उपटून काढतात, आणि खरे ठग रुमालानं गळा आवळायचे, त्यांचा बंदोबस्त स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या शेजारच्या जबलपुरात बसून १८३० च्या दशकात केला, पिक्चर घडतो १९३५ मध्ये. शंभर वर्षांनी. आणि गावच्या पोरांना सोडवायला पुन्हा बाहेरून आलेला गोरा माणूस लागतो, गावातल्या कोणाला काहीच जमत नाही. हीच खोड चौथ्या भागात वाढून एलियन झाली असं माझं मत आहे. अमरीश पुरींनी डोकं भादरून त्या ठगांचा म्होरक्या जो मोलाराम केला त्याला तोड नाही, ते मी कितीही वेळा पाहीन. पण पिक्चरला माफी नाही. तरी जगभराच्या याद्यांमध्ये फ्रिज 'लाज' आणि ते जेवण 'धमाल सीन', हे मला पटत नाही.

अजून एक. माणसांना बोलू नका. चौथ्या भागात हिरोच्या पोराचं काम करणाऱ्या शाया लबफवर तेव्हा जे काही लिहिलं लोकांनी, माकडांसोबत वेलीवर झोके घेते त्या सीनवरून, एकवीस वर्षांचा होता तो शूटिंगच्या टायमाला. सीन फालतू आहे, मान्य, पण तो त्यानं लिहिला नव्हता. आणि तरी २०१० मध्ये कान फिल्म फेस्टिव्हलला त्यानं स्वतः म्हटलं की लिहिणाऱ्याला, डायरेक्टरला दोष देता येईल पण ते खरं वाटायला लावणं माझं काम होतं, मला नाही जमलं. यावर इंडियाना जोन्स करणारे हॅरिसन फोर्ड त्याच्यावर भडकले, जाहीर बोलले. मला विचाराल तर त्या वेळी तो पोरगाच बरोबर होता. पिक्चरवर प्रेम असलेला माणूस असंच बोलते.

पाचव्याबद्दल जास्त नाही बोलत. २०२३ चा, ऐंशीचे हॅरिसन फोर्ड, रिलीजच्या आधीच अर्ध्या लोकांनी निकाल लावून टाकला होता. त्यात ज्या जुन्या यंत्रामागं सगळे लागतात ते खरं आहे, ग्रीसजवळ बुडालेल्या जहाजात सापडलेलं, १९०१ ला, दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी काशाची दाती चाकं जुळवून ग्रहणं मोजायचं मशीन केलं होतं! त्याला काळात मागं जायचं यंत्र करून टाकलं ते मला नाही आवडलं, पण निदान बनवणारा आर्किमिडीज म्हणजे माणूस दाखवला, आणि म्हातारा इंडी त्याच्यासमोर उभा राहून रडायला येते तिथं माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठी तरी त्याला चौथ्याच्या वर ठेवतो मी.

तर भाच्याला बसवला रविवारी आणि दाखवला चौथा. फ्रिज आला तेव्हा पोट्टा हसून हसून सोफ्यावरून खाली आला, "मामा हे तर मस्त आहे, काय प्रॉब्लेम आहे लोकांना?" लाल मुंग्या आल्या तेव्हा पाय वर घेऊन बसला. तबकडी उडाली तेव्हा मोबाईल काढला. मी टीव्ही बंद करून त्याला कोकसची गोष्ट सांगितली, त्याला पहिले तर वाटलं मी बनवून सांगून राहिलो. मग गुगलवर कैलास लेणं काढून तो कितीतरी वेळ फोटो मोठे करून करून पाहत होता.

दिवाळीच्या सुट्टीत वेरूळला नेतो म्हटलं आहे त्याला. ताई म्हणाली नागपूरहून किती लांब पडते, म्हटलं समृद्धीनं निघू पहाटे, दुपारच्या आत पोचतो. आणि गेटातून आत नाही नेणार आधी त्याला, बाजूनं डोंगरावर चढायला वाट आहे, वरून नेणार. राणीनं पाहिलं तसं शिखर पहिले पाहू दे त्याला.