खांबाची सावली

आज दुपारी तीनला बसस्टॉपवर पोचले तर चार माणसं एकामागे एक उभी. मला वाटलं रांग आहे. जवळ गेल्यावर कळलं, विजेच्या खांबाची सावली पडली होती, वीतभर रुंद, आणि चौघं तिच्यात अंग चोरून उभे होते. पुढच्या आजी म्हणाल्या, "ये गं, मागे सरकतील ते, अजून एक मावेल." मी गेले. नाक सावलीत, दोन्ही खांदे उन्हात.

तेव्हापासून डोकं सणकलंय.

याच जागी रेनट्री होता हो! रस्त्याच्या पार पलीकडे फांद्या गेलेल्या, संध्याकाळ झाली की पानं मिटून घ्यायचा. मागच्या वर्षी "धोकादायक" म्हणून तोडला. धोकादायक झाला कसा ते नाही कुणी विचारलं. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं, केबलच्या चरासाठी दोनदा मुळं छाटली, खिळे ठोकून जाहिराती टांगल्या आणि मग म्हणे झाड कलतंय. आता तिथे बोर्ड आहे, एका झाडाच्या बदल्यात दहा झाडं लावली. दहा! ती दहाच्या दहा एका जागी उभी केली तरी खाली मांजर बसणार नाही. तीस-चाळीस वर्षांच्या झाडाचा हिशोब रोपांच्या संख्येत करणाऱ्यांना गणित कुणी शिकवलं?

लगेच कुणीतरी कॉमेंट टाकणार, स्टॉपला शेड बांधा की. अहो पत्र्याची शेड तापते आणि खालच्याच्या डोक्यावर शेकत राहते. झाड मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतं, त्या वाफेबरोबर उष्णता जाते, म्हणून झाडाखाली गार वाटतं. डांबर भर उन्हात 60 अंशांच्या वर जातं, तेच सावलीत असलं तर तापतच नाही एवढं. आणि दिवसभर तापलेलं सिमेंट रात्रभर ती उष्णता ओकत बसतं, रात्री बाराला भिंतीला हात लावून बघा. एसीवाल्यांना नाही कळणार, त्यांची गरम हवा पण बाहेर आमच्याच अंगावर.

बरं, झाडं पडतात, माणसं जातात, मान्य. पाइपात मुळं शिरतात, तेही मान्य. आणि झाडं लावली म्हणजे हवा तेवढा धूर सोडायचं लायसन मिळालं असं नाही. पुढे?

कोलंबियातल्या मेडेयीनने 2016 पासून रस्त्यांच्या न् ओढ्यांच्या कडेने 30 ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे झाडांचे सलग हिरवे पट्टे, केले, 2 अंशांनी गारवा आला म्हणतात. 3-30-300 असा एक नियम पण आहे, घरातून 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के झाडांचं छत्र असावं, 300 मीटरच्या आत बाग असावी. आमच्या स्टॉपवरून एक खांब दिसतो.

मेलबर्नचं ऐकून मात्र मी विरघळले. तिथे महापालिकेने प्रत्येक झाडाला नंबर आणि ईमेल दिला, फांदी मोडली, कीड लागली तर लोकांनी कळवावं म्हणून. लोकांनी झाडांना चक्क प्रेमपत्रं पाठवली.

आमच्या रेनट्रीला काय लिहिलं असतं मी?

खरं सांगायचं तर ते झाड तोडायच्या अर्जावर माझीही सही आहे. गाडीवर पानं पडतात, चिकट घाण होते, काच पुसून कंटाळा येतो म्हणून बिल्डिंगमधल्या काकांनी कागद पुढे केला आणि मी मोबाइलवर बोलता बोलता सही ठोकली. वाचलं पण नाही. पुढे गाडी विकली, बसने जायला लागले, आणि आज त्या आजी मला खांबाच्या सावलीत जागा करून देत होत्या. मी त्यांना काही बोलले नाही. काय बोलणार?

बस आली, सगळे चढले, मी नाही चढले. त्या दहातलं एक रोप तिथेच आहे, जाळीवर नगरसेवकाच्या फोटोचा बॅनर, आत करंगळीएवढी काडी, तीन पानं, त्यातलं एक करपलेलं. बाटलीत अर्धं पाणी होतं ते ओतलं. बुडाशी सिमेंट, जेमतेम ताटलीएवढी माती उघडी, तीही दगडासारखी. पाणी क्षणभर थबकलं आणि फुटपाथवरून गटाराकडे गेलं.

उद्या छिन्नी घेऊन जातेय. कुणी येणार असेल तर सांगा, साडेसहाला, ऊन चढायच्या आत.