भरिताच्या दिवसांत ट्रेनर

दिवाळीची सुट्टी आणि भरिताचा मोसम एकापाठोपाठ आणायची कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली, त्याची शुगर नॉर्मल असणार. माझी नाही. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ६.१. ‘५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसचा उंबरठा,’ डॉक्टर म्हणाले. ‘रोज चाला, थोडं वजन उचला, आणि सुट्टीत ढिले पडू नका.’ सुट्टीत म्हणताना त्यांची नजर माझ्या पोटावर होती. डॉक्टर जळगावचेच, त्यांना पुढचं सगळं दिसत होतं.

चातुर्मासात आमच्याकडे बऱ्याच घरांत वांगं शिजत नाही. चार महिने दाबून ठेवलेली ती भूक सुटते नेमकी थंडी पडायच्या सुमाराला. बाजारात भरिताची वांगी येतात, मोठाली, हिरवी, पांढऱ्या रेघांची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी मिळालं. तेव्हापासून नाही म्हणणं आणखी अवघड झालंय, कारण आता तो जिल्ह्याचा अपमान होतो. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी भाजायची, लसूण-मिरची घालून लाकडी भांड्यात मुसळानं ठेचायची, आणि मग तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, पण भरिताच्या पार्टीत चमचा हे माप कोणी पाहिलेलं नाही. तिथे डबा तिरपा करतात. सोबत पुऱ्या. पुऱ्या नको म्हणाल तर कळण्याची भाकरी, आणि भाकरी पौष्टिक म्हणून दोन जास्त.

बायकोनं तोडगा काढला, ‘ट्रेनर लावा.’ तिच्या माहेरी, धुळ्याला, सासूबाई मला वाढताना ‘जवाईबापू, आखो येक ल्या ना,’ असं ज्या सुरात म्हणतात, त्या सुराला नकार देणारा जावई अजून जन्मायचा आहे. बायकोला हे माहीत आहे. म्हणून तिला तिच्या आईपेक्षा कडक माणूस हवा होता.

आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्न सोपा होता. गावात एक तालीम, तालमीत एक वस्ताद. वस्तादाची कुस्ती अख्ख्या गावानं पाहिलेली असे, त्यामुळे त्याला सर्टिफिकेट कोणी मागत नसे. जोर किती मारले ते तो मोजायचा, चुकलं तर पाठीत हात बसायचा. आता गल्लोगल्ली जिम आहेत, आणि डॉक्टर-वकिलाला लागते तशी सनद ट्रेनरला लागत नाही. टी-शर्टवर ‘ट्रेनर’ छापून घेतलं की झालं. टी-शर्ट मात्र दोन मापं लहान पाहिजे.

पहिला ट्रेनर असाच टी-शर्टात भेटला. मला पाहताच म्हणाला, ‘ब्रो!’ मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, गुडघा कुरकुरणारा, बीपीची अर्धी गोळी घेणारा ब्रो. यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. सरळ आरशासमोर उभं केलं, माझ्या शेजारी आपण उभा राहिला, आणि आरशात दोघांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘बिफोर, आफ्टर.’ मग ‘ट्रायल’ सुरू. बैठका, वजन घेऊन बैठका, एक पाय बाकावर ठेवून बैठका. थांबतो म्हटलं की ‘पेन इज गेन ब्रो’. दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही, उलट जरा फुशारकीच वाटली. खरं दुखणं अशा वेळी एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी जिना उलटा उतरत होतो, कठडा धरून, पाठमोरा. खालून शेजारच्या काकू विचारत होत्या, ‘वर काही विसरले का?’

ट्रेनरचा आहार-सल्लाही जिममध्येच मिळाला. केळी बंद. रावेर-यावलच्या केळीवर अर्धा जिल्हा पोसलाय, माझं बालपण केळीच्या बागेत गेलं, आणि जिल्ह्याच्याच गावी बसून हा म्हणतो केळी बंद! त्या जागी काय, तर काउंटरवरचा पावडरीचा डबा. बायकोनं डबा उलटा करून पाहिला. खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो तिनं शोधला. तिला डब्यावर सिंह सापडला, बाराखडीतलं नसलेलं एक अक्षर सापडलं, चौदा आकडे सापडले नाहीत. ‘किराणा दुकानदार यापेक्षा बरा,’ ती म्हणाली, आणि आम्ही निघालो. मी अर्थात जिना पाठमोराच उतरलो.

दुसरा ट्रेनर ‘सर’ म्हणायचा. अत्यंत नम्र. तोही काही विचारायचा नाही, फक्त पाठवायचा. पहाटे साडेचारला मोबाइलवर सूर्योदयाचं चित्र, मग दहा हजार पावलांचं टार्गेट. दहा हजारच का, असं मी विचारलं तर म्हणे, ‘सर, सायन्स आहे.’ हा आकडा १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून आलेला. आधी यंत्र, आकड्याची कीर्ती त्यानंतर. चालणं चांगलंच, पण नऊ हजार नऊशेला देव रागावत नाही. तीन महिन्यांची फी मात्र सरांना आगाऊ हवी होती, ‘सुट्टीची खास ऑफर’ म्हणून. मी नुसतं ‘बघतो’ म्हटलं. खान्देशात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

तिसरी भेटली भाऊंच्या उद्यानात. सकाळी तिथे काव्यरत्नावली चौकाच्या बाजूनं येणाऱ्यांची गर्दी असते, अर्धे चालायला आलेले, अर्धे चालून झाल्यावर कचोरी कुठं खायची ते ठरवायला आलेले. ही पंचविशीतली मुलगी दोन बायकांना बाकावरून उठ-बस करायला लावत होती आणि त्या चक्क हसत होत्या. मी चौकशी केली. ती म्हणाली, ‘काका, आधी बसा.’

काका! पहिल्यानं ब्रो केलं, दुसऱ्यानं सर केलं, हिनं एका शब्दात खरं वय सांगून टाकलं. त्याच क्षणी विश्वास बसला, तोंड मात्र पडलं.

मग तिनं प्रश्न सुरू केले. डॉक्टरांनी कधी हृदयाचा त्रास सांगितलाय? श्रम करताना छातीत दुखतं? बसल्या-बसल्या दुखतं? चक्कर येऊन कधी पडलात? सांध्याचं दुखणं? बीपीच्या गोळ्या? आणखी काही कारण, ज्यामुळे व्यायाम करू नये? हे सात प्रश्न ट्रेनर मंडळींच्या ठरलेल्या फॉर्ममध्ये असतात म्हणे. मग झोप किती, दिवसभर बसून काम का, घरात स्वयंपाक कोण करतं, दिवाळीला कुठे जाणार, तिथे जिना आहे का, शेत किती लांब. लग्न ठरवताना माझ्या सासऱ्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. बीपीच्या गोळीचं ऐकल्यावर म्हणाली, ‘तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, मग सुरू करू.’ फी महिन्याची महिन्याला. आहाराबद्दल म्हणाली, ‘साधं मी सांगेन, पण शुगरचं पथ्य आहारतज्ज्ञच लिहून देतील, ते माझं काम नाही.’ अमुक काम आपलं नाही असं म्हणणारा माणूस मला बऱ्याच वर्षांनी भेटला होता, आणि मी सरकारी कार्यालयात नोकरीला असून हे म्हणतोय.

बायकोनं सर्टिफिकेट मागितलं. मुलीनं दाखवलं, वर मुदतही दाखवली. नामांकित संस्थांची सर्टिफिकेटं दर दोन-तीन वर्षांनी नूतन करावी लागतात, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून खरी-खोटी ताडता येतात. बायकोनं तिथल्या तिथे ताडून पाहिली. ‘सीपीआर, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबायचं ते, येतं का?’ हाही प्रश्न तिनंच विचारला. ‘येतं. त्याशिवाय हे मिळत नाही,’ मुलगी म्हणाली. बायको माझ्याकडे बघून समाधानानं हसली. ते हसू मला नीटसं आवडलं नाही.

सुट्टीचा त्या मुलीचा बेत इतका साधा होता की फी परत मागावीशी वाटली. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याचे कॅन उचलणं. जागतिक आरोग्य संघटनेचंच सांगणं आहे ते. पूर्वी दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलं त्यात धरत नसत, २०२० साली ती अट काढून टाकली. म्हणजे ओट्यावरून मळ्यापर्यंत जरी तरातरा गेलं तरी जमेत. ‘भरीत खा,’ ती म्हणाली, ‘पुरी एक कमी, आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पंधरा मिनिटं चालायचं.’

अडचण एकच राहिली. चालायचं ते असं, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. तापीकाठच्या आमच्या गावात हे जमत नाही. बोलता येतं, गाणंही म्हणता येतं, फक्त चालता येत नाही. दर ओट्यावर कोणी ना कोणी बसलेलं. ‘कधी आला रे भो?’ थांबलो. ‘पोरगी काय करते आता?’ थांबलो. ‘असा पयत कुठी चालला? गाडी नाही आणली का?’ हा प्रश्न काळजीचा असतो. गावात मोठा माणूस उगाच भरभर चालला तर एक तर वावरात आग लागलेली असते, नाही तर डोक्यात. मी हातात रिकामा डबा घेऊन चालू लागलो. डबा दिसला की लोकांना कारण दिसतं, मग कोणी अडवत नाही.

खरा विरोध काकांचा. वय बहात्तर, अजून मळ्यात जातात. ‘काहाले रे भो, घरात फावडं आहे, मळ्यात तण आहे. पैसे देऊन घाम गाळणारा तू पयलाच पाहिला.’ भाऊबीजेला मी ओसरीवर खुर्चीची उठ-बस करत होतो, मोबाइलवर ती मुलगी मोजत होती. काका बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘तिले विचार, माह्या गुडघ्याले काही सांगते का.’ मी फोन स्पीकरवर टाकला.

‘आजोबा, आधी काही विचारते,’ ती म्हणाली. आजोबा ऐकून काकांच्या मिश्या हलल्या, पण प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तर देण्याचं सुख त्यांना कोणी फारसं देत नाही. त्यांनी १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात केली. तिनं हळूच गाडी छातीवर आणली. ‘दुखत नाही पोरी, नुसतं जड होते. टेकाड चढलं की. बसलो की बरं वाटते.’

पलीकडे ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आजोबा, मी तुम्हाला एकही व्यायाम सांगणार नाही. आणि टेकाड चढू नका. आजच डॉक्टरकडे जा, ईसीजी काढा.’

‘पैसे देतो ना मी!’

‘नको आजोबा. आधी डॉक्टर.’

फोन ठेवल्यावर काका संतापले. भाव करून कोणी नाही म्हटलं तर त्यांना समजतं, पैसे देतो म्हटल्यावर नाही म्हणणारी दुकानदारीण त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ‘ही कसली ट्रेनर!’ असं घरभर सांगत फिरले, आणि तेवढ्यात काकूनं त्यांचं धोतर-सदरा काढून ठेवलासुद्धा. काकूला टेकाडाचं माहीत नव्हतं.

दुपारीच जळगावला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, काही चाचण्या लिहून दिल्या, गोळ्या सुरू केल्या, मळ्याचं टेकाड तूर्त बंद केलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि पायाशी ठेवलेली पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. आत भरिताची वांगी होती, चांगली पाच किलो. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘तुमची शुगर पुन्हा कधी तपासायची ठरली होती?’