जी जाहिरात दिसलीच नाही तिची तक्रार कुठे करायची?

काल कट्ट्यावर विषय निघाला तो पक्यामुळेच. आल्या आल्या सांगायला लागला, बिल्डरच्या नव्या स्कीमची फेसबुकवर कॅम्पेन लाइव्ह केली, लीड्स धो धो येतायत, जुन्या प्रोजेक्टच्या बुकिंगवाल्यांची यादी अपलोड केली, त्यावरून लूकअलाइक काढला (म्हणजे यादीतल्यांसारखेच आणखी लोक मशीननं शोधायचे), वरून चार 'चांगले' पिनकोड टाकले की काम झालं.

"चांगले म्हणजे?" मुग्धा. झालं, पेटलं.

मुग्धा वकील आहे आणि या विषयावर तिनं गप्प बसू नये असंच मला वाटतं. म्हणाली, "अमेरिकेत घराच्या जाहिरातीला फेसबुक तुला ही बटणं देणार नाही. पिनकोड नाही, वय नाही, बाई-पुरुष नाही, लूकअलाइक नाही, आणि एरिया निवडायचा तर कमीत कमी १५ मैलांचा गोल."

"माल कुणाला दाखवायचा ते विकणारा ठरवणार. मार्केट आहे हे, आरओआय, म्हणजे परतावा, बघावा लागतो." (हरायला लागला की पक्या सेमिनारमध्ये गेल्यासारखा बोलतो.)

"साबण वीक की मग कुणालाही. घर, नोकरी आणि कर्ज यांना वेगळा नियम लागतो, आणि तो फेसबुकनं आपणहून नाही लावलेला. प्रोपब्लिका या तिथल्या शोधपत्रकारितेच्या संस्थेनं २०१६ मध्ये काळे, आशियाई, हिस्पॅनिक वगळून घराची जाहिरात टाकून दाखवली, फेसबुक म्हणालं सुधारतो, २०१७ च्या नोव्हेंबरात परत टाकून बघितली तर परत पास! शेवटी कोर्टात खेचलं तेव्हा २०१९ ला कुलूप लागलं."

"पण मी धर्म, जात काही निवडलंच नाही ना! तसले ऑप्शन तर २०२२ लाच काढलेत."

"तुझ्या यादीत आडनावं कुठली आहेत रे? मशीनला तू तीच दिलीस, ते तसलेच लोक शोधून आणणार. तुला निवडायची गरजच काय?"

इथे अभ्यानं तोंड उघडलं, जे तो फार क्वचित करतो. तो म्हणाला की जाहिरातदारानं काही निवडलं नाही तरी मशीन आपलं आपण निवडतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये टार्गेटिंग, म्हणजे कुणाला दाखवायची ही निवड, सारखंच ठेवून नोकरीच्या जाहिराती सोडल्या, तर सुपरमार्केटच्या कॅशियरची ८५ टक्के बायकांना गेली आणि लाकूडतोडीची ९० टक्के पुरुषांना. म्हणून मग २०२२ ला तिथल्या न्याय खात्यानं फेसबुकच्या कंपनीशी समझोता केला तेव्हा नुसतं कोण काय निवडतो एवढंच नाही, जाहिरात प्रत्यक्षात कुणापर्यंत पोचते तेही तपासायचं ठरलं.

"दंड किती?" पक्या.

"१,१५,०५४ डॉलर." अभ्या.

"हॅ! एवढ्यात पुण्यात टू बीएचके येतो फक्त."

"घरांच्या बाबतीत भेदभाव नको म्हणणाऱ्या त्यांच्या १९६८ च्या कायद्यात तेवढाच जास्तीत जास्त होता," मुग्धा म्हणाली. "पण कायदा होता तरी! आपल्याकडे तर अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा 'फक्त पारशीच सभासद' हा नियम २००५ ला सुप्रीम कोर्टानं चालू दिला. २०२३ च्या डेटा कायद्यात मुलांवर नेम धरून जाहिराती करायला बंदी आहे, मोठ्यांच्या घराचं काय?"

समीर इतका वेळ चहा ढवळत होता. तो गेले कित्येक महिने फ्लॅट शोधतोय, आडनाव शेख, बाकी सांगायला नको. म्हणाला, "एजंट निदान नाव ऐकून फोन तरी ठेवतो, मला कळतं. पक्याच्या यादीत मी नाहीच, तर मी नाहीये हे मला कधी कळणार?"

माझ्यासाठी सगळा विषय एवढाच आहे. ज्याला वगळलं त्यालाच पत्ता नाही, मग तक्रार करणार कोण? म्हणूनच हे कुलूप प्लॅटफॉर्मच्या आतच पाहिजे, जाहिरातदाराच्या सज्जनपणावर सोडून चालणार नाही, आणि ते अमेरिकेत बसवता येतं तर पुण्यात न बसायला काही तांत्रिक कारण नाही.

पक्या जरा वरमला, पण मुग्धा सोडते होय? "हा पहिल्यापासून असाच. मंडळात वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मागच्या चाळीत पहिला पळायचा, आणि प्रसाद मात्र पुढच्या बंगल्यांत."

"पंधरा वर्षं झाली त्याला! आणि प्रसाद वाटायला तुझाच भाऊ होता!"

"माझ्या भावाला मधे आणू नकोस, त्याचे हेल्मेटचे पैसे देणं आहेस तू अजून."

मग अभ्या म्हणाला, सगळ्यांनी मोबाइल काढा, बघू पक्याची स्कीम कुणाला दिसते. मुग्धाला दिसली, मला दिसली, समीर खाली खाली स्क्रोल करत राहिला, नाहीच. एवढ्यानं काही सिद्ध होत नाही हे पक्यानं चारदा सांगितलं, ते खरंही आहे. तेवढ्यात समीरनं पक्याचाच फोन ओढला. पहिलीच जाहिरात, हेअर ट्रान्सप्लांट. 'ही जाहिरात मला का दिसतेय' दाबलं तर कारण आलं, पुरुष, पुणे, ३५ च्या पुढे.

"मी चौतीसचा आहे!" पक्या ओरडला.

"वय चुकलंय रे," समीर म्हणाला, "पण मशीननं डोकं बघितलेलं दिसतंय."

त्यानंतर काही बोलणं झालंच नाही, मुग्धाला ठसका लागला, आणि चहाचे पैसे पक्याकडूनच वसूल केले, हेल्मेटचे राहिलेत.