रविवारचे वर्ग बंद करू नका

हल्ली फेसबुक उघडलं की 'घरबसल्या पदवी मिळवा' अशी एक तरी जाहिरात दिसतेच. मग ओळखीतलं कुणीतरी विचारतं, "मॅडम, हे खरं असतं का? घेऊ का ॲडमिशन?" मी आमच्या तालुक्याच्या गावी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना शिकवणारी मार्गदर्शक, आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पदवी खरी असते. मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा 'बाहेरून केलंय ना?' असं नाक मुरडणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा. फक्त पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर जा. तुमच्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला यंदाची मान्यता आहे का, ते स्वतः बघा. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा या पदव्या ऑनलाइन मिळत नाहीत. आणि 'दहा दिवसांत एमबीए' म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा.

आता मला खरं बोलायचंय ते त्या 'घरबसल्या'बद्दल.

माझी एक विद्यार्थिनी अंगणवाडी सेविका आहे. बारावी झाली आणि लग्न झालं. आता मुख्यसेविका व्हायचं तर पदवी हवी. संध्याकाळी सातला ऑनलाइन तास असतो. मोबाईल मिसळणाच्या डब्याला टेकवलेला, एका कानात इअरफोन, दुसरा कान कुकरकडे. मध्येच मुलगा मोबाईल मागतो. पाहुणे आले तर चहा तिनेच टाकायचा. आणि सासूबाई शेजारणीला सांगतात, "दिवसभर मोबाईल बघत बसते." ती शिकतेय हे त्या घरात कुणाला दिसतच नाही. घरात असलेल्या बाईचा वेळ सगळ्यांचा असतो, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

हीच बाई रविवारी संपर्कसत्राला, म्हणजे केंद्रावरच्या प्रत्यक्ष वर्गाला, येते तेव्हा वेगळीच असते. पिशवीत पुस्तकं, वही, डबा. "कॉलेजला चाललेय" म्हणून सांगून निघते आणि तिला कुणी अडवत नाही. वर्गात ती प्रश्न विचारते, शेजारणीकडून राहिलेले मुद्दे उतरवून घेते. मागच्या बाकावर एसटीचे एक कंडक्टर बसतात, मुक्कामाची गाडी आणून गणवेशातच आलेले. पन्नाशीच्या आसपासचे. त्यांना अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, काही केल्या कळत नव्हती. याच सेविकेने ती त्यांना कांद्याच्या भावावरून समजावली. भाव दुप्पट झाला तरी घरात कांदा लागतोच, थोडाच कमी आणतो आपण. पुढच्या वेळी त्यांनी ती फळ्यावर आकृती काढून सगळ्यांना सांगितली! रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हे होत नाही.

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद, पण त्याच्या जोडीला गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रंही उघडली. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पडलेल्या वर्गांत मोठी माणसं येऊन बसू लागली. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. पुस्तक घरी पोचलं, तरी बसायला बाक आणि सोबतीला माणसं लागतातच.

ऑनलाइनला माझा विरोध मुळीच नाही. ते कंडक्टर डेपोच्या विश्रांतिगृहात रेकॉर्डिंग ऐकतात, त्यांना त्याचा फार आधार आहे. ज्यांच्या गावाहून रविवारी एसटीच नाही, ते दुसरं काय करणार? पण 'आता सगळं मोबाईलवर आहे, सत्रं कशाला' हे जे सुरू झालंय, त्याला माझा ठाम विरोध आहे. सत्राला पाचच जण आले तरी ते घ्या.

ऑनलाइन पदव्या देणाऱ्या सगळ्याच विद्यापीठांकडे माझं मागणं आहे. तालुक्याला महिन्यातून एक रविवार प्रत्यक्ष भेटीचा ठेवा. व्हिडिओ मराठीत करा, नुसती पुस्तकाची पानं वाचून दाखवू नका. परीक्षेचं वेळापत्रक आधी जाहीर करा, कारण नोकरदाराला रजेचा अर्ज द्यावा लागतो आणि शेतकऱ्याला मजूर सांगावे लागतात.

तुमच्या तालुक्यात संपर्कसत्रं अजून होतात का? कुठे आणि किती वाजता, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. विचारणाऱ्यांना मला पत्ता देता येईल.