झाड नसलं तरी दार आहे ना!

'घराभोवती झाड नसेल तर ऋतू बदललेला कळतच नाही' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या बाथरूमचं लाकडी दार पावसाळ्यात असं फुगतं की खांद्याने रेटावं लागतं. हवा कोरडी झाली की तेच दार कडी लावली नाही तर आपोआप उघडतं. (लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच, म्हणून घासतं ते कडीच्या बाजूला.)

आणि उन्हाचा कवडसा? दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरात तो पार पलंगाखाली शिरतो. मार्चमध्ये फरशीवरची त्याची जागा आठवड्याभरात सरकलेली दिसते. २२ डिसेंबरच्या आसपास मात्र पठ्ठ्या हलायलाच तयार नसतो.